‘ऊन पाणी आण’ म्हटलं की तुमच्या घरात काय येतं?

विजापूरवेस

मागच्या आठवड्यात घरात घडलेली गोष्ट आधी सांगते, प्रश्न नंतर.

माझ्या आजेसासूबाई मंगळवेढ्याजवळच्या गावाहून महिनाभरासाठी आमच्याकडे सोलापुरात आल्यात. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. परवा सकाळी त्यांनी माझ्या सात वर्षांच्या लेकाला सांगितलं, "बाळा, तांब्याभर ऊन पाणी आण रे, सुंठ घ्यायचीय." तो तांब्या घेऊन गेला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पोराचा पत्ता नाही. गच्चीवर जाऊन बघते तर तांब्या कठड्याजवळ उन्हात ठेवलेला आणि हा शेजारी उकिडवा बसून बोट बुडवून बघतोय. मला म्हणाला, "आई, पणजीला सांग थोडंच ऊन झालंय. अजून वेळ लागेल."

मी खाली येऊन आजींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "ह्याला ऊन कळत नाही होय?" एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या. ते माझ्या फार मनाला लागलं. पोराचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात पाणी ‘गरम’ असतं, चहा ‘गरम’ असतो, ‘ऊन’ फक्त खिडकीतून येतं. मी स्वतः लहानपणी ‘ऊन ऊन भात’ म्हणायचे. तो शब्द माझ्या तोंडातून कधी गेला हे मला आठवत नाही.

रात्री लेकानं विचारलं, "सूर्याचं ऊन आणि गॅसवरचं ऊन एकच असतं का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. तुमच्याकडे ‘ऊन’ हा शब्द गरम या अर्थानं अजून बोलतात का? आणि गरम, ऊन, कढत, कोमट यांत तुम्ही फरक करता का?

शेंगाचटणी

आमच्याकडे ‘ऊन ऊन भाकरी’ आहे अजून. तव्यावरून उतरलेली, पापुद्रा फुगलेला, मधे बोट घातलं की वाफ येते ती. तिला ‘गरम भाकरी’ म्हटलं तर भाकरीच खाल्ल्यासारखी वाटत नाही. पण पाण्याला मात्र आम्हीही गरमच म्हणतो. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता लक्षात आलं.

बार्शीलाईट

आमच्यात भात, वरण, दूध यांना ऊन. पाणी अंघोळीचं असेल तर कढत किंवा तापलेलं. चहाला कधीच ऊन नाही, चहा गरमच. चहा घरात उशिरा आला म्हणून असेल, शब्दही त्याच्याबरोबरच आला.

दुपारची_सावली

चहाबद्दल अगदी बरोबर! माझी आजी ‘ऊन चहा’ असं कधीच म्हणाली नाही, आणि ‘गरम दूध’ असंही कधी म्हणाली नाही.

बाळीवेसकर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. एका शब्दाचे दोन अर्थ असले की घोटाळा होतो, आणि पोराचा तसाच घोटाळा झाला. ‘गरम’ म्हटलं की कुणाचा गोंधळ होत नाही. भाषा स्वतःची सोय बघते. सूर्यप्रकाशाला ‘ऊन’ राहिलं, बाकीला ‘गरम’ आलं, हिशोब स्वच्छ झाला. त्यात हळहळण्यासारखं काय आहे?

माणगंगा

बाळीवेसकर दादा, हिशोब स्वच्छ झाला म्हणता, पण त्यात माल कमी झाला ना. आमच्या सांगोल्याकडं चार पायऱ्या होत्या. हाताला नुसतं कळतंय ते कोमट. पिता येतं, अंगावर घेता येतं ते ऊन. अंगावर घेतलं तर पोळतं ते कढत. आणि बुडबुडे आले की आधण. आता कोमटपासून आधणापर्यंत सगळं ‘गरम’. मग सुनेला सांगावं लागतं, "थोडं गरम", "जास्त गरम", "एकदम गरम". दोन शब्द बोलून जे सांगायचं ते आधी एका शब्दात सांगता येत होतं.

बाळीवेसकर

हे पटलं. पायऱ्यांचा विचार केला नव्हता.

प्राकृतप्रेमी

धागा बघून राहवलं नाही. विजापूरवेस ताई, तुमच्या लेकाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘हो, एकच’ असं आहे.

संस्कृत ‘उष्ण’, त्याचं प्राकृतात ‘उण्ह’, त्याचं मराठीत ‘ऊन’. ‘ष्ण’चा ‘ण्ह’ होणं ही प्राकृताची नेहमीची वाट आहे. कृष्णाचा कण्ह आणि पुढे कान्हा झाला, तृष्णेची तण्हा आणि मग आपली तहान झाली. म्हणजे उन्हात तहान लागते तेव्हा दोन्ही शब्द एकाच वाटेनं चालत आलेले असतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर खुशीत होतो.

मूळ अर्थ ‘उष्ण’ हाच. म्हणजे पाणी ऊन असणं हे आधीचं, आणि सूर्याची उष्णता ती ‘ऊन’ हे त्यातून आलेलं. आजी बोलतात तो अर्थ थोरला आहे. उन्हाळा म्हणजेही उष्णकाळ, जसा हिमकाळाचा हिवाळा.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. सूर्याच्या उन्हाला प्रत्यय लावला की ‘ह’ परत येतो: उन्हात, उन्हानं, उन्हं उतरली. तो ‘उण्ह’मधला जुना ‘ह’ आहे. पण ‘गरम’ या अर्थाचं ऊन हलत नाही. ऊन दूध, ऊन भाकरी, ऊन पाण्यात. ‘ऊन पाण्यात पाय बुडव’ आणि ‘उन्हात पाणी ठेव’ यांत कुणाचाही घोटाळा होणार नाही. बाळीवेसकर, भाषेनं सोय आधीच करून ठेवली होती.

बाळीवेसकर

मान्य. पण मग आपण ‘गरम’ हा परका शब्द का घेतला?

प्राकृतप्रेमी

गरम फारसीतून आला हे खरं, पण तो परका नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. संस्कृतात ‘घर्म’ म्हणजे उष्णता, ऊन, घाम. फारसी ‘गर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ एकाच मुळाचे. आणि त्या घर्मापासूनच मराठीत ‘घाम’ आला. गरम झालं की घाम येतो, हे शब्दांच्या नात्यातही खरं आहे. त्यामुळे गरमला घराबाहेर काढा असं मी म्हणणार नाही. त्यानं ऊनला बाहेर काढू नये एवढंच.

यंत्रमाग_कामगार

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, मागावर शेजारी कन्नड, बाहेर मराठी, असं तिन्ही बोलत मोठा झालो. हा धागा वाचून एक गोष्ट डोक्यात लख्खकन आली.

कन्नडमध्ये ‘बिसि’ म्हणजे गरम. ‘बिसि नीरु’ म्हणजे तुमच्या आजींचं ऊन पाणी. आणि कडक ऊन पडतं त्याला कन्नडमध्ये ‘बिसिलु’ म्हणतात. म्हणजे तिथंही गरम आणि ऊन एकाच घरचे! बिसी बेळे भात आपण सगळ्यांनी खाल्लाय, त्याचा अर्थच ऊन डाळभात. आम्हा तेलुगू लोकांत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. उन्हाला ‘एंड’, उन्हाळ्याला ‘एंडाकालम’, आणि गरमला ‘वेडि’.

म्हणजे मंगळवेढ्याच्या आजी आणि अक्कलकोटकडची कन्नड आजी एका पद्धतीनं विचार करतात. आमची आजी वेगळ्या.

शेंगाचटणी

वा! सोलापुरात राहून तिन्ही भाषा कानावर पडतात, पण बिसि-बिसिलु कधी असं लक्षातच आलं नव्हतं.

दापोलीची_लेक

मी माहेरची कोकणातली, लग्नानंतर सोलापुरात. आमच्या दापोली तालुक्यात उन्हवरे नावाचं गाव आहे, तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. पालीजवळ उन्हेरे, तिथंही तेच. राजापूरजवळ उन्हाळे, तिथंही गरम पाणी. लहानपणी वाटायचं, इथं ऊन फार असेल म्हणून नाव पडलं. आता कळलं, ती नावं पाण्यावरून पडलीत. जमिनीतून ऊन पाणी येतं म्हणून!

गोव्याकडच्या कोंकणीत गरमला ‘हून’ म्हणतात, ‘हून उदक’. आणि उन्हाला वेगळा शब्द, ‘वोत’. माझी मावशी गोव्यात असते, तिला आत्ताच फोन करून विचारून घेतलं.

तापीकाठ

जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात उनपदेव आहे, गरम पाण्याचा झरा. आम्ही शाळेच्या सहलीला जायचो. ‘ऊन’ त्यातही आलंच की.

सुरतेची_सून

गुजरातीतही ‘ऊनुं पाणी’ म्हणजे गरम पाणी, आणि उन्हाळा म्हणजे ‘उनाळो’. सूर्याच्या उन्हाला मात्र ‘तडको’. माझ्या सासूबाई रोज सकाळी ऊनुं पाणी पितात, आणि मी मराठी असून ‘गरम पाणी’ म्हणत त्यांच्या हातात देते. आज थोडं अवघडल्यासारखं झालं.

दुपारची_सावली

गरम या अर्थाचं ऊन कमी झालं असेल, पण सूर्याच्या उन्हाचे शब्द आपल्याकडं किती जपलेत बघा. निदान सोलापुरात तरी. सकाळचं कोवळं ऊन. दहाच्या सुमाराला ते तापायला लागतं. बाराला रणरणतं. दुपार टळटळीत. ऊन ‘मी’ म्हणतं. मग कलतं, तिरपं होतं, उतरतं. झाडातून येते ती तिरीप, छपराच्या भोकातून पडतो तो कवडसा. ते अंगावर येतं तेव्हा चटका, वाऱ्याबरोबर येतं तेव्हा झळ, जमिनीतून वर येते ती धग. अंगाची होते ती काहिली आणि लाही लाही, जिवाची होते ती तलखी.

आणि नुसतं सोसणं नाही. आपण उन्हाला कामाला लावतो. गाद्यांना ऊन दाखवतो, डाळींना ऊन देतो, हिवाळ्यात ऊन खातो. ‘ऊन दाखवणं’ हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. गादी धरून उन्हाला दाखवायची, जसं पोराला देवाला दाखवतात.

कडक_भाकरी

लई भारी लिहिलंय सावली ताई. बाहेर आत्ता ऊन मी मी म्हणलालंय आणि मी आत बसून हे वाचलालोय.

माणगंगा

‘उकाडा’ राहिला ताई.

दुपारची_सावली

उकाडा मुद्दाम सोडला. तो मुंबईचा. उकाडा उकडण्यावरून आलाय, त्याला हवेत ओल लागते. आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये उकडत नाही, भाजतं. उकडायला लागतं ते मेच्या अखेरीस, वळवाच्या आधी, आभाळ भरून येतं आणि वारा पडतो तेव्हा. तेव्हा घरातली म्हातारी माणसं सांगतात, "आज उकडतंय, पाऊस येणार." उकडणं आणि भाजणं असे दोन शब्द आहेत म्हणून हे सांगता येतं. नुसतं ‘गरम होतंय’ म्हटलं तर पावसाची चाहूल त्यात कुठं येणार?

बाळीवेसकर

हे तर माझ्याविरुद्धचं सगळ्यात मोठं साक्षीदार झालं.

वैद्यकी

मी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. मूळ विषय सोडून थोडं लिहितो, पण शब्दाशीच संबंध आहे.

‘ऊन लागलं’ हे माझ्याकडे येणारे लोक अनेक गोष्टींना म्हणतात, आणि तिथं अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. उन्हातून आल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येते, पायात गोळे येतात, खूप घाम आलाय, हे एक ऊन लागणं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मीठ-साखर-लिंबाचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट द्या, बहुतेक माणूस सावरतो. दुसरं ऊन लागणं म्हणजे उष्माघात. अंग ४० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, माणूस बरळतो, नीट उत्तर देत नाही, झटके येतात किंवा शुद्ध जाते. तिथं थांबायचं नाही. ओलं फडकं, पाणी, पंखा, मिळेल त्यानं अंग गार करत करतच दवाखाना गाठायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आणि अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो.

आपली हवा कोरडी. घाम येतो आणि आल्याआल्या उडतो, शर्टावर फक्त पांढरी मिठाची रेघ राहते. त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं हे कळतच नाही. त्याच कोरड्या हवेमुळं आपला माठ मुंबईच्या माठापेक्षा गार पाणी देतो, तोही बाष्पीभवनाचाच खेळ.

तिसरा अर्थ ‘उन्हाळी लागली’. लघवीला जळजळ होते त्याला म्हणतात. पाणी कमी पडल्यानं होतं, पण ताप आणि थंडी वाजून येत असेल तर ‘उन्हाळीच आहे’ म्हणून धणे-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका, तपासून घ्या.

विजापूरवेस

डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमचे दीर साइटवर काम करतात, त्यांना आत्ताच पाठवलं.

गणिताचे_सर

दोन गोष्टी, दोन्ही थोड्या बाहेरच्या.

पहिली. मराठीत आणखी एक ‘ऊन’ लपलेलं आहे, त्याचा उन्हाशी काही संबंध नाही. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी. एकोणीस म्हणजे एक-ऊन-वीस, एकानं कमी वीस. एकोणतीस, एकोणचाळीस सगळे तसेच. आपलं ‘उणं’ आणि ‘न्यून’ही तिथलंच. पाचवीच्या मुलांना हे सांगितलं की एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गडबड होत नाही. ‘साठाला एक कमी’ असं ऐकू यायला लागतं.

दुसरी. ‘ऊन डोक्यावर आलं’ हे आपण रोज दुपारी म्हणतो, पण सूर्य अगदी डोक्यावर सोलापुरात वर्षातून दोनच दिवस येतो. आपलं अक्षांश साधारण १७.७ अंश उत्तर. उत्तरेकडं जाताना सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या डोक्यावरून जातो आणि परत येताना ऑगस्टच्या सुरुवातीला. तेही घड्याळात बाराला नव्हे. आपण भारताच्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला आहोत, म्हणून मेमध्ये साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. त्या वेळी मैदानात उभी केलेली बादली स्वतःच्या सावलीवर उभी असते, बाजूला काहीच पडत नाही. शून्य सावली म्हणतात तो दिवस. मी मुलांना दरवर्षी दाखवतो. ऑगस्टमध्ये ढगांमुळं बहुतेक हुकतो, मेमध्ये हमखास.

कडक_भाकरी

सर, हिंदीतलं ‘ऊन’ म्हणजे लोकर, तेही धरा. माझ्या मामानं दिल्लीहून स्वेटर आणला होता, त्यावर ‘शुद्ध ऊन’ लिहिलं होतं. आजी म्हणाली, "आपल्याकडं हे फुकट मिळतंय की!"

दुपारची_सावली

😄 आजी ग्रेट. लोकरीचं ‘ऊन’ वेगळं ना, प्राकृतप्रेमी?

प्राकृतप्रेमी

हो, ते ‘ऊर्णा’पासून. मराठीनं लोकर शब्द घेतला म्हणून बरं, नाहीतर चौथं ऊन घरात आलं असतं.

बार्शीलाईट

स्वेटर निघालाच आहे तर ‘ऊब’ विसरू नका. चादरीच्या गावातला धागा आहे आणि उबेचं नाव नाही? ऊन बाहेरून येतं, ऊब आपल्याच अंगाची असते, चादर ती फक्त धरून ठेवते. गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीच्या रात्री सिद्धेश्वर तलावाकडून वारा यायचा, तेव्हा वडिलांच्या चादरीत शिरायचो. तिथं जे असायचं त्याला ‘गरम’ म्हटलेलं मला चालणार नाही.

यंत्रमाग_कामगार

चादर विणताना मात्र ऊब नसते दादा. पत्र्याच्या शेडमध्ये मेमध्ये बारा तास माग चालतो. वरून पत्रा, खालून मोटारीची धग, पंखा जोरात लावला की सुताचे तंतू उडतात. त्याला आमच्यात एकच शब्द आहे, ‘भट्टी’. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. जानेवारीत कुणाच्या तरी अंगावर ऊब जाते ती तिथून निघते, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

बार्शीलाईट

हे लक्षात राहील माझ्या. आभार.

माणगंगा

ताईंचा मूळ प्रश्न मागं राहिला. ‘गरम’ अर्थाचं ऊन कुठं टिकलंय ते मला आज दुपारी भाकरी थापताना सापडलं. उन्हवणी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ज्वारी जुनी झाली की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. थापताना भाकरी कडेला चिरते, उचलली की तुटते. मग परातीत पीठ घेऊन मधे आळं करायचं, त्यात उकळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवायचं, वाफ जरा जिरू द्यायची आणि मग तळहाताच्या मागच्या भागानं रगडून मळायचं. हे पाणी म्हणजे उन्हवणी. मग तीच भाकरी कडेपर्यंत गोल येते आणि टम्म फुगते. मालदांडी ज्वारी नवी असली तर गार पाण्यावरही चालतं, पण आषाढानंतर आमच्याकडं उन्हवणीशिवाय भाकरी नाही.

शब्द रोज तोंडात आहे आणि त्यात ऊन आहे हे चाळीस वर्षांत कधी ध्यानात आलं नाही.

शेंगाचटणी

अगं हो! आम्हीही उन्हवणीच म्हणतो. माझ्या मुलीला पण माहीत आहे तो शब्द.

प्राकृतप्रेमी

माणगंगा ताई, हे मला माहीत नव्हतं, आणि हा शब्द फारच सुंदर आहे. ‘वणी’ म्हणजे पाणी. गुळवणी म्हणजे गुळाचं पाणी, चिंचवणी म्हणजे चिंचेचं पाणी. तशी उन्हवणी, ऊन पाणी. म्हणजे विजापूरवेस ताईंच्या आजींनी मागितलं ते ‘ऊन पाणी’ अख्खं या एका शब्दात बसलंय. आणि बघा, जोडशब्दात तो ‘ह’ही टिकलाय.

वैद्यकी

भाकरीमागचं कारण सांगायचा मोह होतोय. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणीक धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, तोच मग पीठ धरून ठेवतो. म्हणून कोमट पाण्यानं काम होत नाही.

बाळीवेसकर

मग एक शंका. माणगंगा ताईंच्याच पायऱ्यांप्रमाणे पिता येतं ते ऊन आणि उकळतं ते आधण. उन्हवणी तर उकळतीच ओततात. मग तिला ‘आधणवणी’ का नाही म्हटलं?

माणगंगा

याचं उत्तर माझ्याकडं नाही. सासूबाई असत्या तर विचारलं असतं.

विजापूरवेस

उत्तर आमच्या घरात आहे! काल संध्याकाळी आजींना पूर्ण धागा वाचून दाखवला. उनपदेव ऐकून त्यांनी हात जोडले, बिसिलु त्यांना आधीपासून माहीत होतं (त्यांच्या गावात कन्नड बोलणारी घरं आहेत). बाळीवेसकर दादांची शंका ऐकून त्या लगेच म्हणाल्या, "भांड्यात कढत असतंय. पिठात पडलं की ऊन होतंय. हात घालायचा असतोय ना त्यात?"

मग उठल्याच. ओट्यापाशी खुर्ची ठेवली, परात मांडीवर घेतली. मी पाणी उकळून दिलं. त्यांनी आळं केलं, पाणी ओतलं, उलथनं फिरवलं आणि लेकाला जवळ बोलावून त्याचा हात पिठावर धरला, टेकवला नाही, वाफेवर धरला. "लागतंय?" "हो." थोडं थांबल्या. "आता?" "आता बरं वाटतंय." "हे ऊन," म्हणाल्या आणि मळायला घेतलं.

त्यांची मोजणीही विचारून घेतली. बोट बुडवून एक-दोन-तीन म्हणेपर्यंत ठेवता आलं तर ऊन. बुडवल्याबरोबर काढावं लागलं तर कढत. बोटाला काही कळलंच नाही तर "ते कोमटसुद्धा नाही, ते नुसतं पाणी."

आज सकाळी लेक पेल्यावर ताटली झाकून स्वतः दूध घेऊन आला. "पणजी, ऊन आहे, तीनपर्यंत मोजलं."

माणगंगा

आजींना माझा नमस्कार सांगा. ‘पिठात पडलं की ऊन होतंय’ हे मी आता सगळ्यांना सांगणार.

बाळीवेसकर

शंका फिटली. मीही मागं घेतो पहिलं म्हणणं. घरी आज ‘ऊन वरण’ मागितलं, बायकोनं दोनदा वळून बघितलं पण वाढलं.

कडक_भाकरी

ताई, उन्हवणीचं पीठ किती वेळ झाकून ठेवायचं? माझं गार झालं की परत चिरलालंय.

माणगंगा

झाकून ठेवायचंच नाही दादा. एका भाकरीपुरतं घ्यायचं, हाताला सोसलं की लगेच मळायचं आणि लगेच थापायचं. गार झालं की त्याची चिकट जाते.